सागाचा रोजा

मृगाचा पाऊस झाला की आपल्याकडं सगळं हिरवं होतं. पन्हाळ्यावरून बघा, गगनबावड्याच्या वाटेनं जा, नाहीतर राधानगरीकडं वळा, डोळ्याला दुसरा रंग दिसत नाही. अशा दिवसांत भर हिरवाईत एखादी झाडांची रांग बोडकी उभी दिसली तर मनात चर्र होतं. नुसत्या फांद्या, फांद्यांना लोंबणारे पानांचे देठ आणि मधल्या शिरा. आग लागलेली नाही, वीज पडलेली नाही, पाण्याची टंचाई नाही. मग झाडं गेली कशानं?

हे दृश्य मी पहिल्यांदा बघितलं ते १९९६ सालच्या जूनअखेरीला, आमच्याच बांधावर. आमचे अब्बा कोल्हापुरातल्या एका लाकडाच्या वखारीत सुतारकाम करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारा-खिडक्यांसाठी सागवान रंधलं, पण स्वतःच्या घराला मात्र आंब्याच्या फळ्या. म्हणून १९९१च्या पावसाळ्यात त्यांनी राधानगरी रस्त्याकडच्या आमच्या तीस गुंठ्यांत, बांधावर आणि पडीक तुकड्यात सागाची नव्वद रोपं लावली. पाच वर्षांत झाडं दोन पुरुष उंच झाली. आणि त्या जूनमध्ये दहा-बारा दिवसांत सगळी उघडी पडली.

झाडाखाली उभं राहिलं तर पाऊस नसताना पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. टपटप, टपटप. बघतो तर वरून अळ्यांची विष्ठा पडत होती. शेजारचे शेतकरी म्हणाले, "मिस्त्री, झाडं गेली तुमची. आता काढा आणि ऊस लावा." थोरल्या भावाला तेच हवं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. घरात बी. ए. झालेला मी एकटा, त्यात नुकत्याच दोन-चार कविता छापून आलेल्या. मी म्हणालो, "झाडाचा जीव पानात असतो. पान गेलं की झाड गेलं." ते वाक्य मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

अब्बांनी झाडाच्या सालीला नखानं ओरखडा काढला. आत हिरवं होतं. ते घरच्या दखनीत एवढंच म्हणाले, "मर्‍या नैं. रोजा रख्या है." मेलं नाही, रोजा धरलाय. पण माझ्या वाक्याच्या जोरावर भावानं दुसऱ्या दिवशी अब्बा वखारीत गेल्यावर पडीक तुकड्यातली चाळीस झाडं तोडली. त्या चाळीस झाडांचा हिशेब मी अजून फेडतो आहे. आजचं हे बोलणं त्या हिशेबाचाच भाग समजा.

*

साग हे आपल्या इतिहासातलं मोठं झाड. लढाया आपण पाठ करतो, पण ज्या लाकडावर आरमार तरंगलं त्याचा विचार फारसा करत नाही. कोल्हापूरकरांना तर हे ठाऊक असायला हवं, कारण झाडांविषयीची मराठी राज्यातली सर्वांत नावाजलेली आज्ञा इथल्याच गादीच्या काळातली आहे. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५च्या सुमारास, करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, आज्ञापत्र लिहिलं. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचाही विचार आहे. जहाजांना सागासारखं लाकूड लागतं, ते रानातून घ्यावं, पण परवानगीनं. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये, कारण तशी झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. म्हणजे त्या काळी साग हे रानाचं झाड होतं आणि आंबा-फणस हे माणसानं लावायचं झाड. सागाची शेती करावी हे कुणाच्या मनातही नव्हतं. रान मोठं होतं आणि गरज त्या मानानं लहान होती.

पुढच्या शंभर वर्षांत गरज मोठी झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारच्या सागातून इंग्रजांची लढाऊ जहाजं बांधली. त्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं तरंगतं आहे. दोनशे वर्षांवर वय झालं तरी लाकूड टिकून आहे. अब्बा म्हणायचे, सागात तेल असतं म्हणून वाळवी त्याच्या नादाला लागत नाही. हे पिकलेल्या लाकडाबद्दल खरं आहे. पानाबद्दल मात्र नाही.

जहाजांपाठोपाठ १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे आली. रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी साग, शहरातल्या इमारतींसाठी साग. रान हटत चाललं हे सरकारच्या मात्र रेल्वेच्या आधीच ध्यानात आलं होतं आणि १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. मूळचे ते डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख. तिकडं मलबारात कलेक्टर कोनोली यांच्या आदेशानं निलांबूर इथं १८४२पासून सागाची लागवड सुरू झाली आणि चातू मेनन या देशी अधिकाऱ्यानं ती निगुतीनं वाढवली. रानातल्या झाडाला रांगेत उभं केलं गेलं. एका वयाची, एका जातीची, सारख्या अंतरावरची हजारो झाडं. माणसाच्या डोळ्यांना ते वन दिसतं, अळीच्या डोळ्यांना मात्र वाढून ठेवलेलं ताट.

*

आता ही अळी कोण, ते बघू. शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १७७७ साली छापलं गेलं, तेही आपल्याकडं नाही. अॅमस्टरडॅमचा पीटर क्रॅमर हा लोकरीचा व्यापारी, त्याला परदेशी फुलपाखरं-पतंगांचा नाद. त्याच्या सचित्र ग्रंथात हा पतंग आला. पुढचे पंख मातकट तपकिरी, मागचे काळे आणि त्यावर नारिंगी पट्टे. दिसायला देखणा. पण सागाचा शत्रू म्हणून त्याची नोंद व्हायला आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली. त्रावणकोर संस्थानातले वनाधिकारी बोर्डिलन यांनी १८९८ साली ती केली. म्हणजे लागवड उभी राहिल्यावर अळी माणसाच्या नजरेत आली. त्याआधी ती रानात नव्हती असं नाही. रानात साग इतर झाडांमध्ये मिसळलेला असायचा, म्हणून उघडं पडलेलं झाड डोळ्यात भरत नसे आणि त्याचं नुकसान कुणाच्या वहीत चढत नसे.

तिचा संसार आटोपशीर असतो. पावसाच्या पहिल्या सरींनी सागाला कोवळी पालवी फुटते, तेव्हा मादी पानावर एकेक करून शेकडो अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. ती पानाची कड कातरून दुमडते, धाग्यानं शिवते आणि त्या घडीत लपून राहते. भूक लागली की बाहेर येऊन खायचं आणि पुन्हा घडीत शिरायचं. चार वेळा कात टाकून पंधरवड्याच्या आत ती पुरी वाढते. धाग्याला लोंबकळत जमिनीवर उतरते, पाचोळ्यात कोष करते आणि आठवड्याभरात पतंग होऊन उडते. या साऱ्या काळातलं बहुतेक खाणं शेवटच्या तीन-चार दिवसांत होतं. म्हणून झाड काल हिरवं दिसतं आणि चार दिवसांनी उघडं. आपण धावत जाईपर्यंत ती जेवून उठलेली असते.

सागावर दुसरीही एक अळी येते. ती पान सगळं खात नाही. शिरा तेवढ्या ठेवून मधला हिरवा भाग खाते, पान जाळीच्या ओढणीसारखं होतं. ही साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसते. विदर्भातल्या सागवनात, मुंबईजवळच्या येऊरच्या डोंगरात हे दृश्य पुष्कळांनी बघितलेलं आहे. ऐन पावसाळ्यात डोंगर तांबूस होतो आणि लोकांना वाटतं, रानाला काही रोग झाला. दोन्ही अळ्या एकच समजून घाबरण्याचं कारण नाही, कारण दोघींचं नुकसान सारखं नसतं. ते कसं, ते बघायला निलांबूरला परत जावं लागतं.

*

१९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था स्थापन झाली आणि जंगलातल्या किड्यांचा पद्धतशीर अभ्यास तिथं सुरू झाला. सी. एफ. सी. बीसन या शास्त्रज्ञानं त्यात उमेदीची वर्षं घालवली आणि १९४१ साली भारतातल्या वनकीटकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून मी या विषयाचं मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा बीसनचं म्हणणं मला अब्बांच्या बोलण्याच्या जवळचं वाटलं. त्याचा सल्ला असा की सागाखाली रान साफ करू नका. मधूनमधून मूळच्या जंगलाचे पट्टे राखा. त्या झाडोऱ्यात दुसऱ्या अळ्या वाढतात, त्यांच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्या आणि परजीवी माश्या तिथं वर्षभर टिकतात, आणि वेळ आली की त्याच सागावरच्या अळीवर तुटून पडतात. शत्रूचे शत्रू सांभाळा, एवढाच त्याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर दुसरी वाट धरली गेली. १९६५ साली केरळातल्या कोन्नीला आणि १९७८ साली त्या वेळच्या मध्य प्रदेशातल्या, आताच्या छत्तीसगडमधल्या बारनवापारा इथं सागावर आकाशातून कीटकनाशक फवारून बघितलं गेलं. विष पानावर पडतं तसं ओढ्यातही पडतं, मधमाशीवरही पडतं, अळी टिपणाऱ्या पाखरावरही पडतं. हा उपाय रानात रुजला नाही ते बरंच झालं.

मुळात नुकसान होतं तरी किती, हा प्रश्न राहिलाच होता. झाडाला पालवी परत येते हे वनखात्याला माहीत होतं. मग चिंता कशाला? केरळ वनसंशोधन संस्थेच्या डॉ. के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते १९८३ या काळात निलांबूरच्या कोवळ्या सागवनात याचा छडा लावला. काही झाडं अळीपासून राखली, काही तशीच सोडली आणि वाढ मोजत राहिले. राखलेल्या वनात हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर लाकूड वाढलं, न राखलेल्या वनात ३.७. म्हणजे वाढीतला ४४ टक्के भाग अळीनं नेला. झाड मेलं एकही नाही. पण जी ताकद बुंध्यात जायची ती पुन्हा पानं काढण्यात गेली. जाळी पाडणाऱ्या दुसऱ्या अळीनं मात्र वाढीवर म्हणण्यासारखा परिणाम केला नाही, कारण ती येते तेव्हा वर्षाची वाढ बहुतेक झालेली असते आणि पान तसंही गळायला टेकलेलं असतं.

याच संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली. साथ एकदम सगळीकडं उठत नाही. आधी अगदी थोड्या जागेत पतंग उतरतात, तिथली अळी पतंग होऊन थव्यानं पुढं जाते आणि मग हजारो हेक्टर उघडे पडतात. दुसरं म्हणजे साथीच्या शेवटी कितीतरी अळ्या डोकं खाली करून लोंबकळत मेलेल्या दिसायच्या, अंगाचं पाणी झालेलं. तो विषाणू होता, याच अळीला मारणारा. १९८८ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. तोच विषाणू पाण्यात कालवून योग्य दिवशी पानावर शिंपडला तर अळी आवरता येते आणि बाकी कुणाला धक्का लागत नाही, असे प्रयोग पुढं झाले. अडचण आहे ती त्या 'योग्य दिवसाची'. तो ओळखायला रोज रानात जाणारा माणूस लागतो.

*

महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि मिश्र जंगलाच्या जागी मोठ्या प्रमाणावर साग लावला गेला. सागाला भाव होता, राज्याला पैसा हवा होता. त्या निर्णयाला आज नावं ठेवणं सोपं आहे. नव्वदच्या दशकात तर साग हा शब्द गुंतवणुकीच्या जाहिरातीत गेला. रोप लावा, वीस वर्षांत लखपती व्हा. कितीतरी पगारदारांचे पैसे त्या कागदी सागात बुडाले. त्या जाहिरातींत झाडाला किती पानं आणि त्या पानांना किती भागीदार, हे कुठंच लिहिलेलं नसायचं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मीही एकांगी बोललो असं होईल. ही अळी नैसर्गिक सागवनातही येते. तेव्हा सगळा दोष लागवडीच्या माथी मारता येत नाही. फरक पडतो तो शेजाराचा. आपल्या दाजीपूरच्या रानात अंजनी आहे, जांभूळ आहे, हिरडा, पिसा, कारवी आहे. १९५८ साली ते अभयारण्य झालं आणि १९८५ साली त्याचा विस्तार राधानगरी अभयारण्य म्हणून झाला. तिथं एखादं झाड अळीनं खाल्लं तरी शेजारचं झाड वेगळ्या जातीचं असतं, अळीच्या कामाचं नसतं. शिवाय साळुंक्या आहेत, सातभाई आहेत. 'पेर्ते व्हा' म्हणत येणारा पावशा तर केसाळ सुरवंटसुद्धा खातो. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारं पाखरू त्याच वेळी रानातली राखणही करत असतं.

आणि अळी म्हणजे नुसतं संकट असंही नाही. तिकडं भंडारा-गडचिरोलीकडं जा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर माणसं मुद्दाम अळ्या सोडतात. त्या पानं खातात, माणूस पाखरं हाकलत पहारा करतो आणि शेवटी टसरचे कोष घरी येतात. ढिवर समाजातल्या अनेक घरांची चूल या अळीवर पेटत आलेली आहे. तिनं पान खाल्लं की घरात आनंद. सागावर तेच झालं की आपण कुऱ्हाड शोधतो. अळीला यातलं काही ठाऊक नसतं. ती आपली जेवत असते.

*

आता आमच्या बांधावर परत येतो. झाडं तोडल्याचं कळल्यावर अब्बा भावाला काही बोलले नाहीत, मलाही नाही. ते बोलले असते तर सोपं गेलं असतं. तीन आठवड्यांनी बांधावरच्या पन्नास झाडांना तळहाताएवढी तांबूस पालवी फुटली. भाऊ ती बघायला गेला आणि पडीक तुकड्यात थबकला. तोडलेल्या खोडांच्या कडेनंसुद्धा कोंब वर आले होते. सागाची ही जात आहे, तोडला तरी बुंध्यातून उठतो. ऊस लावायला निघालेला माझा भाऊ घरी येऊन म्हणाला, "अब्बा, सागालाबी खोडवा येतोय की." त्यावर अब्बा हसले. घरातला अबोला त्या दिवशी सुटला. त्या तुकड्यात ऊस काही लागला नाही.

अब्बा २००९ साली गेले. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं सगळ्या जिल्ह्याला पाणी दाखवलं, त्या पावसात बांधावरचा एक साग मुळासकट आडवा झाला. रीतसर कागदपत्रं करून तो करवतीला नेला. कापल्यावर वर्षावर्षाची वलयं स्वच्छ दिसत होती. सागाची वलयं इतकी बोलकी असतात की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे. आम्ही दोघं भाऊ गाभ्यापासून मोजू लागलो. पहिली चार रुंद आणि पुढचं एक अगदी बारीक, पेन्सिलीच्या रेघेसारखं. तसं दुष्काळानंही होतं, पण त्या वर्षी आमच्याकडं पाणी होतं. भावानं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात तुमच्या बांधावरचा, शाळेच्या आवारातला, रस्त्याकडेचा साग उघडा पडलेला दिसला तर तीन आठवडे थांबा. सालीला नखानं ओरखडून बघा, आत हिरवं असेल. औषधाचा पंप बाहेर काढू नका, खालचा पाचोळा पेटवू नका. नवा साग लावणार असाल तर मध्ये आंबा, फणस, जांभूळ लावा, आणि पाखरांना बसायला जागा ठेवा. झाडाचं नुकसान होतं, हे खरं. चार दिवसांचं खाणं वर्षाच्या वाढीतून वजा होतं. पण उपाशी असणं आणि मेलेलं असणं यात अंतर आहे. ते ओळखायला अब्बांना बी. ए. व्हावं लागलं नव्हतं.

त्या झाडाची चौकट आमच्या घराला बसवली. आत-बाहेर करताना माझा हात तिच्यावर पडतो. पडीक तुकड्यात ती चाळीस झाडंही आता उभी आहेत, बुंध्याशी जराशी वाकडी. पण जून आला की त्यांना पालवी फुटते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)